पेढे वाटले, पण चिंता मिटलेली नाही

लेखात म्हटलंय एसएमएवरच्या (स्पायनल मस्क्युलर अॅट्रॉफी, नसपेशी मरत जाऊन स्नायू दुबळे करणारा जनुकीय आजार) रिस्डिप्लाम औषधाचं जेनेरिक, म्हणजे दुसऱ्या कंपनीने बनवलेलं तेच स्वस्त औषध, आलं, सहा लाखांच्या वरची बाटली 15,900 ला झाली, आता एसएमएवाल्या घरांची चिंता मिटली. 2025 ला दिल्ली हायकोर्टाने आणि मग सुप्रीम कोर्टानेपण हे जेनेरिक विकणाऱ्या नॅटको कंपनीला अडवलं नाही तेव्हा आम्ही भांडुपला अख्ख्या मजल्यावर पेढे वाटलेत, माझ्या भाच्याला एसएमए टाइप 2 आहे (बसता येतं, आपलं आपण चालता येत नाही असा प्रकार). पण मिटली कसली, वजन 20 किलोच्या वर गेलं की डोस रोज 5 मिलिग्रॅम, बाटलीत 60, म्हणजे बारा दिवसांत बाटली खल्लास, छापील किमतीने वर्षाला पावणेपाच लाखांच्या वर झाले की हो, आणि हे कायमचं.

शिवाय औषध मेलेल्या नसपेशी परत आणत नाही, उरलेल्या वाचवतं, म्हणून जन्मल्या जन्मल्या टेस्ट व्हायला हवी त्यावर लेखात एक ओळ नाही. ताई अजूनही रात्री त्याची कूस बदलायला उठते, साधी सर्दी झाली तरी छातीतला कफ बाहेर काढणारं कफ असिस्ट मशीन काढावं लागतं आणि बिल्डिंगची लिफ्ट बंद म्हणजे शाळा बुडाली. (पोरगा मात्र बेस्टचे सगळे बस नंबर पाठ म्हणतो.)

आणि नातेवाईक! ग्रहणात भाजी चिरली म्हणून झालं म्हणे. अहो, आईवडील दोघंही एसएमएन1 या जनुकातल्या दोषाचे कॅरियर (स्वतः ठणठणीत, पण दोष पुढे देऊ शकणारे) असले तर प्रत्येक खेपेला बाळाला हा आजार व्हायची 25 टक्के शक्यता असते, एकट्या सुनेचा काय संबंध? घरात अशी केस असेल तर लग्नाळू भावंडांनी कॅरियर टेस्ट करून घ्या, साधी रक्ताची असते.