प्लेअर पेनड्राइव्हसारखा दिसला पाहिजे, बास

लिनक्सच्या कॉम्प्युटरला जोडून गाणी भरता येतील असा खिशातला म्युझिक प्लेअर कुठला घेऊ असं कोणी विचारलं की लोक लगेच डॅक चिप (डिजिटल गाण्याचा आवाज बनवणारी), ब्लूटूथ, बॅटरीवर सुरू होतात. अरे ते नंतर! आधी बघा की केबल लावल्यावर तो पेनड्राइव्ह म्हणून दिसतो का, म्हणजे यूएसबी मास स्टोरेज. दिसत असेल तर कंपनीचं सॉफ्टवेअर नको, काही नको, फोल्डर उचला नि टाका.

एमटीपीवाला, म्हणजे पेनड्राइव्हसारखा न दिसता फाइली देण्याघेण्याची वेगळी पद्धत वापरणारा, चालतच नाही असं नाही, पण माझं त्याच्याशी कधी पटलं नाही. भरपूर गाणी एकदम टाकायला घेतली की मध्येच अडकतो, आरसिंकही (फोल्डर जुळवून कॉपी करणारं लिनक्सचं टूल) धड चालत नाही. काहींच्या सेटिंगमध्ये एमटीपी की एमएससी (म्हणजे तेच मास स्टोरेज) असं निवडता येतं, सॅन्सा क्लिप या प्लेअरमध्ये होतं, तिथे गुपचूप एमएससी करून टाकायचं.

जुना आयपॉड मिळतोय म्हणून घेणार असाल तर जरा थांबा. त्यात नुसती कॉपी केलेली गाणी दिसतच नाहीत, त्याला स्वतःचा डेटाबेस लागतो. रिदमबॉक्स या लिनक्सवरच्या गाण्यांच्या प्रोग्रॅममधून जुन्या मॉडेल्सवर जमतं, पण त्यापेक्षा त्यावर रॉकबॉक्स चढत असेल तर खरी मजा. 2001 मध्ये आर्कोसच्या प्लेअरसाठी सुरू झालेलं हे ओपन सोर्स फर्मवेअर, म्हणजे प्लेअरच्या आतलं सॉफ्टवेअरच बदलायचं, ऑग, फ्लॅक असे फाइलींचे प्रकार सगळे वाजवतं, आणि तेही सरळ फोल्डर उघडून. मी तर प्लेअर घेण्याआधी रॉकबॉक्सच्या यादीत त्याचं मॉडेल आहे का तेच बघतो.

आता एक वैताग. स्वस्तातले बरेच प्लेअर गाणी नावाप्रमाणे लावतच नाहीत, मेमरी कार्डावर ज्या क्रमाने कॉपी झाली त्याच क्रमाने वाजवतात, म्हणजे अल्बम लावला की सातवं गाणं पहिलं, मग तिसरं, आणि लोक बिचाऱ्या प्लेअरला शिव्या घालतात. फॅटसॉर्ट नावाचं छोटंसं टूल आहे, कार्ड अनमाउंट करून (म्हणजे लिनक्सपासून सोडवून, पण न काढता) ते चालवलं की सगळं रांगेत. गाण्याच्या नावात प्रश्नचिन्ह किंवा कोलन असेल तर मात्र फॅटवर (कार्डांचा नेहमीचा फॉरमॅट) ती फाइल जातच नाही, नाव बदलावं लागतं.

64 जीबीचं कार्ड एक्सफॅट या नव्या फॉरमॅटमध्ये येतं, लिनक्सला त्याचं काही नाही (लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नल 5.7 पासून तर चांगला ड्रायव्हर आतच आहे), पण प्लेअरच ओळखत नसेल तर फॅट32 करून टाका, ते लिनक्सवर आरामात होतं.

आणि केबल उपटायच्या आधी इजेक्ट करा हो! स्क्रीनवर कॉपी झाली म्हणून दिसलं तरी मागे लिहिणं चालूच असतं.