‘गोड बोलून जुना माल गळ्यात मारला’: एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानमालकाचं उत्तर

ताई, नमस्कार.

तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढल्यावर वाचला. आज सकाळी ऑगस्टचं रजिस्टर काढून समोर ठेवलं आणि परत वाचला. बाकीच्यांना संदर्भ लागावा म्हणून तुमची तक्रार थोडक्यात लिहितो. लेकीच्या इंजिनिअरिंगसाठी ऑगस्टमध्ये आमच्याकडून २१,५०० रुपयांना जुना लॅपटॉप, थिंकपॅड टी ४८०, घेतला. तो चालू व्हायला चार-पाच मिनिटं घेतो. बॅटरी दीड तासात बसते. रॅम, म्हणजे लॅपटॉपची काम करतानाची मेमरी, वाढवायचे तेव्हा २,२०० सांगितले होते, जानेवारीत ५,२०० सांगितले. मग तुम्ही ऑनलाइन स्वस्तात रॅम मागवली, तर ती लावून द्यायला आम्ही नकार दिला आणि वर काउंटरवरचा मुलगा उर्मटपणे बोलला. शेजारी १४ हजारांत आय-सेव्हन प्रोसेसरचा लॅपटॉप मिळत होता, मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात आणखी स्वस्त पडला असता. आणि शेवटी, ‘मराठी माणसाचं दुकान म्हणून विश्वासाने गेलो.’

मुलाचं आधी. ‘ज्याच्याकडून मागवली त्यालाच लावायला सांगा’ असं तो बोलला का, हे मी त्याला विचारलं. बोलला म्हणाला. शनिवारची संध्याकाळ होती, दुकानात उभं राहायला जागा नव्हती, हे सगळं खरं असलं तरी बोलायची ती पद्धत नव्हे. त्याच्या वतीने मी माफी मागतो. तुम्ही आलात की तो स्वतःही मागेल.

पण रॅमचं ऐका. ती लावायची नव्हती असं नाही, ती लागतच नव्हती. टी ४८० ला डीडीआर ४ रॅम लागते, तुम्ही आणलेली त्यापुढच्या पिढीची, डीडीआर ५ होती. दोन्ही पट्ट्या लांबीला सारख्याच, हातात घेतल्या तर फरक कळणार नाही. एकीला २६० पिना, दुसरीला २६२, आणि मधली खाच वेगळ्या जागी. ती खाच मुद्दाम तशी ठेवलेली असते, म्हणजे चुकीची रॅम स्लॉटमध्ये बसूच नये. जोर लावून बसवली असती तर स्लॉट तुटला असता, आणि त्या लॅपटॉपचा स्लॉट मदरबोर्डवरच असतो. मुलाने एवढं दोन वाक्यांत सांगितलं असतं तर हा रिव्ह्यू निम्मा झाला असता.

भावाचं. २,२०० हा आकडा व्हॉट्सॲपवर आमच्याच दुकानातून गेलाय, मी तो मेसेज पाहिला. त्यावर ‘आजचा भाव’ असं लिहिलेलं नव्हतं, ते लिहायला हवं होतं. मधल्या काळात रॅमला आग लागली. चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या सर्व्हरकडे वळला आणि डीडीआर ४ चं उत्पादन त्या तशाही कमी करत आणत होत्या. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉन या चिप कंपनीने आपला क्रूशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. आम्ही वर्षानुवर्षं गिऱ्हाइकांना डोळे झाकून द्यायचो तो हा ब्रँड. ५,२०० मध्ये मला फारसं काही सुटत नव्हतं. तुमचा विश्वास बसणार नाही, बसू नये हेही ठीक, कुठल्याही दुकानात विचारून बघा.

लॅमिंग्टन रोडला हजार-दीड हजार कमी पडले असते, हे मान्य. मीही बराचसा माल तिथूनच आणतो. ग्रँट रोडला उतरून चार दुकानं फिरायची आणि काही बिघडलं की परत ठाण्याहून तिकडे जायचं, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. शेजारच्या आय-सेव्हनबद्दल मात्र बोलायलाच हवं, कारण तो तुम्ही घेतला नाहीत हे बरं झालं. १४ हजारांत मिळणारा आय-सेव्हन सहाव्या जनरेशनचा, म्हणजे जुन्या पिढीचा असतो. त्या काळच्या पातळ लॅपटॉपमधल्या आय-सेव्हनला दोनच कोअर, म्हणजे काम करणारे भाग, असायचे. तुमच्या टी ४८० मधल्या आठव्या जनरेशनच्या आय-फाइव्हला चार आहेत. शिवाय विंडोज ११, एखाद-दुसरा अपवाद सोडला तर, इंटेलच्या आठव्या जनरेशनपासून पुढेच अधिकृतपणे चालतं, आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे कॉलेज सुरू होऊन दोन-अडीच महिन्यांत तुमच्या हातात सपोर्ट संपलेला लॅपटॉप राहिला असता. स्टिकरवरचा ‘आय-सेव्हन’ वाचून लॅपटॉप घेणं म्हणजे नुसतं आडनाव बघून स्थळ पसंत करण्यासारखं.

आता मूळ दुखण्यावर येतो. लॅपटॉप संथ चालतो. चालतोच. आणि याचं कारण रॅम नाही.

ऑगस्टमध्ये तुम्ही दोघं लेकीला घेऊन आलात तेव्हा त्या मशीनमध्ये फाइली साठवायला २५६ जीबीचा एसएसडी होता, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क. मिस्टर म्हणाले, ‘२५६ म्हणजे काहीच नाही, माझ्या फोनमध्येच तेवढं आहे.’ त्यांना १ टीबी हवं होतं. १ टीबीचा एसएसडी बजेटबाहेर जात होता, म्हणून १ टीबीची हार्डडिस्क टाकायची ठरली. हे नको म्हणून मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं नाही. ॲडमिशनचा आठवडा होता, मागे तीन गिऱ्हाइकं ताटकळत होती आणि गिऱ्हाइकाला जे हवं ते दिलं की आपण मोकळे, असा विचार मी केला. चूक झाली ती इथे. हार्डडिस्कसाठी सही तुमची आहे म्हणून मला हात झटकता येतील, पण तुम्ही माझ्याकडे आलात ते मला यातलं तुमच्यापेक्षा जास्त कळतं म्हणून.

हार्डडिस्कमध्ये तबकडी फिरते आणि एक सुई पुढे-मागे सरकत फाइल शोधते. एकेक फाइल शोधायला तिला दहा-पंधरा मिलिसेकंद लागतात, एसएसडीला त्याच्या शंभराव्या भागाइतका वेळही पुरतो. विंडोज सुरू होताना अशा हजारो बारीक फाइली वाचतं, त्यातच अपडेट आणि अँटिव्हायरसही कामाला लागतात. जानेवारीत मुलाने टास्क मॅनेजर, म्हणजे कशावर किती ताण आहे ते दाखवणारी विंडोजची खिडकी, उघडून दाखवला होता तो यासाठीच: मेमरी ६० टक्क्यांच्या आसपास आणि डिस्क सलग १०० टक्के. ‘रॅम नको, एसएसडी टाका’ असं तो म्हणाला, तेव्हा तुम्हाला वाटलं, आलोय रॅमला आणि हा दुसरंच काहीतरी विकतोय. तुमच्या जागी मी असतो तर मलाही तसंच वाटलं असतं. तुमच्या भाच्याने ‘रॅम वाढव’ सांगितलं, त्याचाही राग नाही. घराघरांत असा एक भाचा असतोच, आणि दहातल्या पाच वेळा तो बरोबरही असतो.

तेव्हा रॅम आत्ता घेऊच नका. दुकानदार असून सांगतोय. तुमच्या लॅपटॉपमध्ये ८ जीबीची एक पट्टी आहे आणि दुसरा स्लॉट रिकामा आहे. पहिल्या वर्षाला पुरेल. लेक सिव्हिलला आहे, पुढे ऑटोकॅडच्या मोठ्या फाइली आणि रेव्हिटसारखं आराखड्यांचं सॉफ्टवेअर आलं की १६ जीबी लागतील, तेव्हा आणखी एक ८ ची पट्टी शेजारी बसवायची. दोन पट्ट्या जोडीने चालल्या की आतलं ग्राफिक्सही थोडं बरं पळतं, कारण या लॅपटॉपला वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, ते रॅमच वापरतं. आजच्याच भावाने आजच घ्या असं मी म्हणणार नाही.

बॅटरी. इथे माझ्याकडे बचाव नाही. टी ४८० ला दोन बॅटऱ्या असतात, एक आत आणि एक मागे. मागचीचे दोन खटके सरकवले की ती हातात येते. विकताना आम्ही रिपोर्ट काढला होता, रजिस्टरमध्ये नोंद आहे: मूळ क्षमतेच्या आतली ८१ टक्के, मागची ५४. तुम्हाला तोंडी ‘अडीच-तीन तास’ सांगितलं गेलं. ब्राइटनेस कमी ठेवून नुसतं वर्डमध्ये टाइप केलं तर तेवढे गेलेही असते, पण कॉलेजची मुलं नुसतं वर्डमध्ये टाइप करत नाहीत. ‘बॅटरीवर वॉरंटी नाही’ ही ओळ बिलाच्या खाली आहे, इतक्या बारीक अक्षरात की मलाही आज चष्मा लावावा लागला. या आठवड्यापासून दोन्ही बॅटऱ्यांची टक्केवारी बिलावर वर, मॉडेलच्या नावाखालीच लिहायला सुरुवात केली आहे.

मी काय करू शकतो ते सांगतो. हार्डडिस्क काढून तिच्याच जागी बसणारा २५६ जीबीचा सॅटा एसएसडी बसवून देतो, पैसे नाहीत. तुमचा मूळ एसएसडी मात्र परत देता येणार नाही, तो ऑगस्टमध्येच दुसऱ्या कुणाला लागला. दुसरा आहे तो नवा नाही, पण त्याची हेल्थ तुमच्यासमोर तपासून दाखवीन. विंडोज नव्याने टाकावं लागेल, त्याचं लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं, तेव्हा त्याचा खर्च नाही. काढलेली हार्डडिस्क फेकायची नाही. तिला एक यूएसबी केस घेतलीत, साधारण ४०० रुपयांची, की लेकीचे फोटो, नोट्स आणि मिस्टरांचा १ टीबी सगळं जागेवर राहील. मागची बॅटरी मी माझ्या खरेदीच्या भावात बदलून देतो. फुकट देतो असं लिहिणं सोपं होतं, पण ते मला परवडणार नाही.

मराठी माणसाचं काय लिहू? भाव पाडून घेतानाही तेच ऐकतो आणि शिव्या खातानाही तेच. सवय झाली आहे.

रिव्ह्यू ठेवायचा की बदलायचा, तुमची मर्जी. ‘रॅम लावायला नकार दिला’ एवढं वाक्य दुरुस्त केलंत तर बरं होईल, कारण ते वाचून आज सकाळीच एकाने फोन करून विचारलं, की बाहेरून आणलेली रॅम तुम्ही लावत नाही का. लावतो, २०० रुपयांत. फक्त ती त्या लॅपटॉपची असावी लागते.

शनिवार सोडून कधीही या. शक्यतो सकाळी अकराच्या सुमारास, म्हणजे दुपारी दोनपर्यंत मशीन हातात देता येईल. लेकीला आदल्या रात्री सबमिशनच्या फाइली पेनड्राइव्हवर घ्यायला सांगा. आणि चार्जर आठवणीने आणा, मागच्या वेळी तो घरी राहिला होता.