‘डॉक्टर आहात का?’ विचारणाऱ्या भाऊंना

भाऊ, ल्युपसवरच्या (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंय: ‘एएनए निरोगी माणसातही पॉझिटिव्ह येतो, हे न सांगता लोकांना घाबरवता. अँटिबॉडी नुसती खूण असते. डॉक्टर आहात का? शेणखताचं लिहा.’

एएनए म्हणजे आपल्याच पेशींच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडी (बचावाची प्रथिनं) शोधणारी रक्ततपासणी. रक्त ऐंशी पट पातळ केलं (१:८०) तरी निरोगी शंभरांतल्या दहा-तेरा जणांचा एएनए पॉझिटिव्ह निघतो, हे वाक्य लेखात राहून गेलं. मान्य. पण ल्युपसच्या २०१९ च्या निकषांत एएनए हे फक्त दार आहे, पुढे लक्षणांचे नि तपासण्यांचे १० गुण भरावे लागतात, हे लिहिलं होतं. तिथवर तुम्ही पोचलेले दिसत नाही.

आता शेणखत. नाही, मी डॉक्टर नाही. दारव्ह्याकडे सात एकर पऱ्हाटी आहे, शेणखताचंही लिहितो, लाज कशाची? पण हा शब्द तुम्ही ज्या सुरात टाकलात ना, तो सूर मी आधी ऐकलाय.

धाकट्या बहिणीच्या गालांवर वेचणीच्या उन्हात लाल चट्टे उठायचे. कोणी म्हणे फवारणीची अ‍ॅलर्जी, कोणी म्हणे बाहेरचं. दीड वर्ष सांधेदुखीच्या गोळ्या चालल्या. मी एका दवाखान्यात विचारलं, दुसरं काही असेल का? उत्तर मिळालं, ‘तुम्ही शेती करा.’ पुढे लघवीला फेस यायला लागला, पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा.

नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टच्या पाठीमागे पेनाने किडनीची गाळणी काढून दाखवली. शरीर आपल्याच डीएनएविरुद्ध अँटिबॉडी बनवतं, त्यांचे पुंजके गाळणीत अडकतात, तिथे कॉम्प्लिमेंट (रक्तातली बचावाचीच दुसरी प्रथिनं) खर्ची पडतं. म्हणून तिचं अँटी-डीएसडीएनए (डीएनएविरुद्धची तीच अँटिबॉडी) वर, सी३-सी४ (कॉम्प्लिमेंटचे घटक) खाली. तो कागद माझ्याकडे सातबाऱ्याच्या फाइलीत आहे. तुमच्याकडे कोणता आहे?

‘नुसती खूण’ म्हणता, तर आईची अँटी-रो (ल्युपसमध्ये सापडणारी आणखी एक) अँटिबॉडी वारेतून पोटातल्या बाळाकडे जाते आणि क्वचित त्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, ते कशाने? बाळाला तर ल्युपस नसतो. बाकी मुद्द्यांत मला दम वाटला नाही.

बहीण ल्युपसवरची हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची गोळी घेते, पूर्ण बाह्या आणि दुपट्टा बांधून सकाळी नऊपर्यंतच धुऱ्यावर येते. तुमची प्रतिक्रिया तिनेच मला दाखवली, हसत. मला नाही हसू आलं.

शेणखताचा लेख रविवारी टाकतो. त्याखाली ‘तुम्ही बैल आहात का’ असं विचारू नका म्हणजे झालं.