‘रोज एक रील टाका, ऑर्डर आपोआप येतील’ : या दाव्याला उत्तर

कोल्हापुरातील बचत गटांच्या, चप्पल-विक्रेत्यांच्या आणि घरगुती मसाले करणाऱ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक संदेश गेले काही महिने फिरतो आहे. त्याचा आशय असा : दुकान नको, वेबसाइट नको, जाहिरातीला पैसा नको, इन्स्टाग्राम आणि फेसबुकवर खाते उघडा, रोज एक रील टाका, दहा हजार फॉलोअर झाले की ऑर्डर आपोआप येतील, नोंदणी, परवाने वगैरे धंदा वाढल्यावर पाहता येईल. छोट्या उद्योगांचे हिशेब लिहिण्याचे माझे काम असल्यामुळे हा संदेश खरा मानून चाललेल्या माणसांच्या वह्या माझ्यासमोर येतात. ही माणसे कष्टाळू आहेत, त्यांचा माल चोख आहे आणि समाजमाध्यमांचा त्यांना उपयोग होऊ शकतो, याबद्दल मला शंका नाही. पण या संदेशावर विसंबून काहींनी कर्ज काढून माल भरला आहे, म्हणून त्यातील एकेक विधान तपासून घेणे मला गरजेचे वाटते.

पहिले विधान फुकटपणाचे. खाते उघडायला पैसे पडत नाहीत, एवढाच त्यातला खरा भाग. फेसबुकने जानेवारी २०१८ मध्येच जाहीर केले होते की, यापुढे व्यावसायिक पानांपेक्षा मित्र आणि कुटुंबीय यांच्या पोस्ट लोकांना आधी दाखवल्या जातील. आपले पान ज्यांनी स्वतःहून पसंत केले, त्यांच्यापर्यंत पोहोचण्यासाठीही आता अनेकदा पैसे भरून पोस्ट ‘बूस्ट’ करावी लागते. जाहिरातीची जागा लिलावाने ठरते, त्यामुळे दिवाळीच्या तोंडावर मोठ्या कंपन्या बाजारात उतरल्या की घरगुती फराळ विकणाऱ्या बाईलाही त्याच चढ्या बोलीला तोंड द्यावे लागते. वर या खर्चावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि ज्याची जीएसटी नोंदणी नाही त्याला तो आपल्या भरायच्या करातून वळता करून घेता येत नाही. शिवाय चित्रीकरणात, संपादनात आणि रात्री उशिरापर्यंत ‘प्राइस प्लीज’ला उत्तरे देण्यात जाणारा वेळ कोणीच वहीत लिहीत नाही, तो लिहिला, तर फुकट वाटणारी विक्री बहुधा सर्वांत महाग निघेल.

दहा हजार फॉलोअर म्हणजे दहा हजार ग्राहक, हे दुसरे विधान. इथे थोडे थांबले पाहिजे, कारण सर्वाधिक नुकसान याच समजुतीने होते. चप्पल लाईन या कोल्हापुरातील चपलांच्या बाजारातील एका विक्रेत्याचे उदाहरण देतो. कापशी या प्रकारच्या कोल्हापुरी चपलेची करकर ऐकवणारी त्याची रील खूप पाहिली गेली, खाली ‘नाद खुळा’ आणि ‘एकच नंबर’ यांची रांग लागली आणि फॉलोअर भराभर वाढले. विक्री मात्र फारशी हलली नाही आणि जी झाली तिच्यातले बरेच जोड परत आले. कारणे त्याच्या मोबाईलमधल्या संदेशांतच होती. किंमत विचारणाऱ्याला ‘इनबॉक्स पाहा’ असे उत्तर जात होते आणि तेवढ्यात तो माणूस पुढच्या रीलवर गेलेला असे. चामडे कशाचे आहे, ते झाडाच्या सालीने आणि हिरड्याने कमावलेले आहे का, तळ किती थरांचा आहे, शिलाई चामड्याच्या वादीची आहे का, पावसात चालेल का, हे प्रश्न विचारणारा खरा ग्राहक होता. पण त्याला पोचपावतीखेरीज काही मिळत नव्हते. सर्वांत मोठी अडचण मापाची होती. बुटाचा जो नंबर आपण सांगतो, तो हाताने शिवलेल्या पायताणाला तंतोतंत लागू होईलच असे नाही. शिवाय नवी कोल्हापुरी सुरुवातीला अंगठ्याला चावते आणि तेल पाजून काही दिवस वापरली की पायाला बसते, हे इथल्या माणसाला कोणी सांगावे लागत नाही; बेंगळुरूच्या ग्राहकाला ते ठाऊक नसते, म्हणून तो पहिल्याच दिवशी जोड परत पाठवतो. कॅश ऑन डिलिव्हरीच्या पार्सलला जाण्याचे आणि येण्याचे असे दोन्ही भाडे विक्रेत्याच्या अंगावर पडते.

त्याने पुढे केलेला बदल अगदी साधा होता. प्रत्येक जोडाखाली किंमत आली. ‘कोऱ्या कागदावर पाऊल ठेवून पेन्सिलने रेघ काढा आणि शेजारी पट्टी ठेवून फोटो पाठवा’ ही सूचना खात्याच्या वरच्या बाजूला कायमची आली. तेल कसे पाजायचे हे दाखवणारा छोटा व्हिडिओ आला. हा व्हिडिओ करकरीच्या रीलइतका कधीच पाहिला गेला नाही, तरी परतीची पार्सले कमी झाल्याचे मला कुरिअरच्या बिलांवरून दिसले. जोतिबाच्या चैत्र यात्रेला डोंगरावर लाखो माणसे येतात, पण वाटेवरच्या दुकानाचा गल्ला थांबून भाव विचारणाऱ्यांवरच भरतो. त्यामुळे फॉलोअरचा आकडा सांगणाऱ्याला मी नेहमी तीन गोष्टी विचारतो : महिन्यात किती जणांनी भाव विचारला, त्यांतील किती जणांनी पैसे भरले आणि भरलेल्यांपैकी किती जण पुन्हा आले.

‘वेबसाइट नको’ हे तिसरे विधान पहिल्या वर्षापुरते मी मान्य करीन. पण त्यामागचा ‘सगळे इन्स्टावरच ठेवा’ हा सल्ला घातक आहे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅपवर बंदी घातली, तेव्हा तिथे जमवलेले प्रेक्षक खातेदाराला बरोबर नेता आले नाहीत. ४ ऑक्टोबर २०२१ च्या रात्री फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप ही तिन्ही माध्यमे सुमारे सहा तास एकदम बंद पडली. तिन्ही एकाच कंपनीची असल्याने एकावरून दुसऱ्यावर जाण्याची सोय नव्हती. ७ तारखेला घटस्थापना होती आणि त्याच दिवशी राज्यातील मंदिरे पुन्हा उघडणार होती, म्हणजे अंबाबाईच्या गावात व्यापाराला जान येण्याचे ते दिवस होते. सहा तासांनी कोणी बुडत नाही हे खरे. पण ज्याच्याकडे ग्राहकांचे नंबर वेगळे लिहिलेले नव्हते, त्याला त्या वेळात कोणाशीही संपर्क करता आला नाही. खाते हॅक झाले किंवा कंपनीने बंद केले, तर हीच वेळ कित्येक दिवस येऊ शकते.

या बाबतीत चटणी करणाऱ्या बायकांकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. कोल्हापूरकर घर चटणी वर्षाची करते किंवा घेते. ऊन तापले की मिरची कुटणाऱ्या डंकावर गर्दी होते आणि बरण्या भरल्या की त्या घराची खरेदी पुढच्या वर्षावर जाते. वर्षातून एकदाच येणारे असे गिऱ्हाईक रोजच्या रीलने टिकत नाही, कारण आठ-दहा महिने एखाद्या खात्याकडे न फिरकलेल्या माणसाला ते माध्यम त्या खात्याच्या पोस्ट फारशा दाखवतच नाही. माझ्या ओळखीच्या एका गटाकडे साधी वही आहे : नाव, फोन, गेल्या वर्षी किती किलो, ब्याडगी मिरची जास्त की संकेश्वरी, लसूण कमी की बेताचा. फेब्रुवारीत या नंबरांवर विचारणा जाते. व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबरच बसतात आणि ज्याने आपला नंबर सेव्ह केला आहे त्यालाच तो संदेश पोहोचतो, म्हणून या बायका पहिल्या पाकिटासोबतच ‘आमचा नंबर नाव घालून ठेवा’ अशी चिठ्ठी देतात. उत्तरे आली की गडहिंग्लजच्या बाजारात किती मिरची घ्यायची हे त्यांना खरेदीआधीच कळते. कर्ज काढून माल भरून ठेवण्याची वेळच येत नाही आणि माझ्या मते प्रचाराचा याहून मोठा उपयोग नाही. नवे ग्राहक मिळवायला त्या इन्स्टाग्राम जरूर वापरतात. मिळालेला ग्राहक मात्र वहीत उतरवून घेतात.

यावर हमखास येणारे उत्तर म्हणजे प्राडा या इटालियन फॅशन कंपनीचे. जून २०२५ मध्ये तिच्या मिलानमधील फॅशन शोमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दिसली, समाजमाध्यमांवर संतापाची लाट उठली आणि त्या कंपनीला या चपलेचे मूळ मान्य करावे लागले. मग समाजमाध्यमांची ताकद कमी कशी, असे विचारले जाते. ती ताकद मला मान्य आहे आणि आपल्या कारागिरांसाठी इतकी माणसे बोलली याचा मनापासून आनंदही आहे. मात्र त्या आवाजाला आधार २०१९ च्या भौगोलिक मानांकनाचा, म्हणजे ‘कोल्हापुरी’ हे नाव ठरावीक भागातल्या चपलेलाच देणाऱ्या कायदेशीर नोंदणीचा होता, आणि पुढची बोलणी करायला महाराष्ट्र व कर्नाटक यांची चर्मोद्योग महामंडळे होती. लोकांचे लक्ष त्या आठवड्यात कोल्हापूरकडे वळले, तेव्हा किंमत, पत्ता आणि माप पाठवण्याची सोय ज्याच्या खात्यावर तयार होती, त्यालाच त्याचा फायदा घेता येणार होता. अशी लाट पुन्हा केव्हा येईल ते कोणाच्या हाती नाही. तयारी मात्र आपल्या हाती असते.

राहिले नोंदणीचे. खाद्यपदार्थ विकणाऱ्याला एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी धंदा छोटा असला तरी लागते, आणि पाकिटावर त्या नोंदणीचा १४ अंकी क्रमांक, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, किंमत व उत्पादकाचा पत्ता असावा लागतो. ऑनलाइन विक्री हा ज्याचा नियमित व्यवसाय आहे, त्याला ग्राहक संरक्षणासाठीचे २०२० चे ई-कॉमर्स नियमही लक्षात घ्यावे लागतात. हे सगळे ‘नंतर’ करण्याचे काम नाही, आणि ते केल्याने विक्रीही वाढते : ज्याने आपल्याला कधी पाहिलेले नाही, तो पुण्या-मुंबईचा ग्राहक फोटोत पाकिटाची मागची बाजू मोठी करून पाहतो, आणि तिथे पत्ता व क्रमांक दिसला तर पैसे आधी भरायला तयार होतो. म्हणून माझ्याकडे येणाऱ्या भगिनींना मी आधी लेबल छापून घ्यायला सांगतो आणि पहिली रील त्या लेबलाचीच करायला सांगतो.