ध्यान कधी करायचं, ताई?
नर्सिंगच्या मुलींनी वेळेचं नियोजन करावं, ध्यान करावं, असं तुमच्या लेखात म्हटलंय. सकाळी सातला वॉर्ड, दुपारी लेक्चर, रात्री केस स्टडी लिहायची. यात ध्यान कधी करायचं, ताई?

मी बारावी आर्ट्स करून जीएनएमला (नर्सिंगच्या डिप्लोमाला) गेले. मला रडवलं ते इंग्रजीने. अ‍ॅनाटॉमीचं पुस्तक उघडलं की पोटात गोळा यायचा. मग सीनियरने शब्द तोडायला शिकवले: 'टॅकी' म्हणजे जलद, 'ब्रॅडी' म्हणजे मंद, शेवटी 'आयटिस' आलं की दाह. निम्मी भीती तिथेच गेली. सलाईनच्या थेंबांचं गणितही असंच. ५०० मिली ४ तासांत द्यायचं, सेट (सलाईनची नळी) एका मिलीला १५ थेंब सोडणारा, तर मिनिटाला साधारण ३१. अशी गणितं मी एसटीच्या तिकिटामागे सोडवायचे (तेव्हा गणितात काठावर पास झालेली मी!).

पहिला पेशंट डोळ्यांसमोर गेला तेव्हा मात्र कुठलंच पुस्तक कामी आलं नाही. वॉर्डातल्या मावशींनी चहा पाजला आणि म्हणाल्या, "चल, बेड लावू." त्याबद्दल लेखात एक ओळ नाही. पुढच्या भागात तेवढं लिहा.