परदेशात राहायची जागा: आधी नकाशा, मग किंमत

परदेशात राहायला जागा शोधताना बहुतेक जण बुकिंग साइटवर तारखा टाकतात, 'सर्वांत स्वस्त आधी' निवडतात आणि यादी खाली सरकवत बसतात. माझं स्पष्ट मत आहे की यादी बंद करावी आणि नकाशा उघडावा. यादीत वर कोण येतं त्यात कमिशनचाही हात असू शकतो, हे काही मोठ्या साइट्स स्वतःच लिहून ठेवतात (बारीक अक्षरांत, अर्थात).

'शहराच्या मध्यापासून ३ किमी' हे अंतर बऱ्याचदा सरळ रेषेत मोजलेलं असतं. मध्ये नदी, रेल्वेचे रूळ किंवा टेकडी आली की तेच दुप्पट होतं. आणि रोज त्या 'मध्या'शी आपलं काम तरी काय? जिथे जायचंय ती चार-पाच ठिकाणं आणि विमानतळावरून येणारी ट्रेन जिथे सोडते ते स्टेशन, एवढं नकाशावर खूण करून ठेवा. त्या स्टेशनापासून, किंवा तिथून गाडी न बदलता पोहोचता येईल अशा स्टेशनापासून, पायी १० मिनिटांच्या आत जागा हवी. मग गूगल मॅप्सच्या स्ट्रीट व्ह्यूवर (रस्त्याचे फोटो दिसतात तिथे) तो रस्ता स्वतः 'चालून' बघा. लिस्बनसारख्या चढउताराच्या शहरात नकाशावरची ५ मिनिटं म्हणजे बॅग उचलून पायऱ्या चढणं असू शकतं. जुन्या युरोपीय इमारतीत मजला आणि लिफ्ट दोन्ही विचारा. 'लिफ्ट आहे' म्हणतात तीही कधी कधी एक माणूस आणि एक बॅग एवढीच असते.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो पोहोचायच्या वेळेचा. विमान १२ तारखेला रात्री ००.४० ला उतरणार असेल, तर खोली ११ तारखेच्या रात्रीची हवी. १२ ची घेतलीत तर ती मिळणार १२ च्या दुपारी २-३ नंतर, आणि तोवर तुम्ही बाकड्यावर. पहाटे ६ ला पोहोचून लगेच झोपायचं असेल तरी बहुधा आदल्या रात्रीचेच पैसे भरावे लागतात. पण अशा वेळी 'आम्ही पहाटे येतोय' हे हॉटेलला लेखी कळवाच. नाहीतर पहिल्या रात्री कुणी आलंच नाही म्हणून नो-शो (न आल्याचा आकार) लागतो आणि बऱ्याचदा पुढच्या सगळ्या रात्रीही रद्द होतात. चेक-इनआधी बॅगा बहुतेक हॉटेलं ठेवून घेतात. भाड्याच्या फ्लॅटमध्ये ते गृहीत धरू नका. छोट्या जागांचं रिसेप्शन रात्री बंद होतं आणि दाराचा कोड मेसेजवर येतो. त्याचा स्क्रीनशॉट विमानात बसण्याआधीच काढा, कारण दारात इंटरनेट चालेलच असं नाही.

दिसते ती किंमत शेवटची नसते. ॲम्स्टरडॅममध्ये २०२४पासून पर्यटन कर खोलीच्या दराच्या १२.५% आहे. रोममध्ये तो माणशी, दर रात्रीचा असतो आणि बहुधा हॉटेलातच वेगळा भरावा लागतो. डिपॉझिटसाठी क्रेडिट कार्ड द्या. डेबिट कार्डावर रक्कम अडकली तर आपलेच पैसे काही दिवस वापरता येत नाहीत. पैसे भरताना कार्डाच्या मशीनने 'तुमच्या चलनात की इथल्या?' विचारलं तर त्या देशाचंच चलन निवडा, रुपये नाही.

फ्लॅट घेणार असाल तर त्याला परवाना आहे का ते आधी बघा. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३पासून ३० दिवसांपेक्षा कमी मुदतीसाठी घर द्यायचं तर नोंदणी लागते, यजमान त्याच घरात राहत असावा लागतो आणि पाहुणे जास्तीत जास्त दोन. इटलीत जाहिरातीवर 'सीआयएन' (भाड्याच्या जागेचा राष्ट्रीय ओळख क्रमांक) हा कोड असलाच पाहिजे. जपानमध्ये २०१८ साली घरं भाड्याने देण्याचा नवा कायदा लागू होताना एअरबीएनबीने (घरं भाड्याने मिळवून देणारी साइट) परवाना नसलेल्या हजारो जागा काढून टाकल्या, त्यांवरची बुकिंगंही गेली. नोंदणी क्रमांक दिसत नसेल तर जागा कितीही सुंदर असो, सोडा.

फोटो वाइड लेन्सने काढलेले असतात, त्यामुळे खोलीचे चौरस मीटर वाचा. १२ पेक्षा कमी असेल तर दोघांच्या मोठ्या बॅगा एकाच वेळी उघडता येणार नाहीत. मुलांची वयं खरी टाका. बुकिंगमध्ये नसलेला जास्तीचा माणूस आगीपासून सुरक्षिततेच्या नियमांवर बोट ठेवून दारातच नाकारला जाऊ शकतो. युरोपात उन्हाळ्यात जाताना एसी आहे असं समजू नका.

रिव्ह्यूंची सरासरी मी फारशी मानत नाही. 'नवीन आधी' लावा, कमी गुणांचे वाचा आणि आवाज, वास, गरम पाणी, ढेकूण हे शब्द शोधा. एकाने चिडून लिहिलं तर सोडून द्या. तीन वेगवेगळ्या महिन्यांत तिघांनी तेच लिहिलं असेल तर ते खरं धरा.

शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणारा एकच व्हिसा) मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीचा पुरावा लागतो, म्हणून मोफत रद्द करता येणारं बुकिंग घ्या आणि त्यावर सगळ्या प्रवाशांची नावं येतील असं बघा. रद्द करायची मुदत बहुधा हॉटेलच्या स्थानिक वेळेनुसार संपते, तुमच्या घड्याळानुसार नाही.

बुकिंग झाल्यावर 'कार्ड पडताळा, नाहीतर खोली रद्द' असा लिंकवाला मेसेज आला, अगदी ॲपच्या चॅटमधूनही, तरी लिंक उघडू नका. हॉटेलचं खातंच हॅक झालेलं असू शकतं. हॉटेलच्या वेबसाइटवरचा नंबर शोधून थेट फोन करा आणि विचारा.