गाडीचे अपडेट थांबवू नका: ‘घाटात गाडी हॅक होते’ या संदेशाचा प्रतिवाद

‘घाटात गाडी हॅक होते, सावध राहा’ असा एक संदेश सध्या कोकणातील व्हॉट्सॲप गटांवर फिरतो आहे. त्यातील दावे असे: इंटरनेट जोडलेली गाडी रस्त्याकडेला उभा असलेला कोणीही माणूस मोबाईलवरून थांबवू शकतो, कंपनीचे सॉफ्टवेअर अपडेट हीच हॅकरची वाट असल्यामुळे ते कधीही घेऊ नये आणि गाडीतील सिमच्या अँटेनाची वायर तोडून टाकावी, स्वतः चालणारी ॲडासची (चालकाला मदत करणाऱ्या यंत्रणेची) गाडी हॅकर दरीत नेतो, फास्टॅग स्मार्टवॉचने स्कॅन करून खाते रिकामे करतात, आणि चावी ॲल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून ठेवावी. हा संदेश देवगडला माझ्या मामांपर्यंत पोहोचला. हंगामात आंबा घेऊन करूळ घाटाने कोल्हापूरला जाणाऱ्या मामांनी गाडीच्या स्क्रीनवर आलेले अपडेट नाकारले आणि वायर तोडून घेण्यासाठी कणकवलीत इलेक्ट्रिशियनही गाठला. तेव्हा गप्प बसणे मला योग्य वाटले नाही.

अपडेटच्या मुद्द्यापासूनच सुरुवात करतो, कारण तो सल्ला पाळण्यात खरा धोका आहे. संदेशात पुरावा म्हणून ‘अमेरिकेत जीप हॅक झाली’ एवढेच एक वाक्य आहे. ती घटना खरी आहे, म्हणून ती पूर्ण सांगतो. २०१५ मध्ये चार्ली मिलर आणि ख्रिस व्हॅलासेक या दोन सुरक्षा संशोधकांनी जीप चेरोकी गाडीच्या मनोरंजन यंत्रणेत मोबाईल नेटवर्कवरून शिरकाव केला. तेथील एका चिपचे सॉफ्टवेअर बदलून त्यांनी इंजिन, ब्रेक असे भाग एकमेकांशी जोडणाऱ्या गाडीच्या आतील जाळ्यावर खोट्या आज्ञा पाठवल्या. महामार्गावर त्यांनी गाडीचा वेग मारला आणि मोकळ्या जागेत कमी वेगात असताना ब्रेक निकामी केले. गाडी चालवणारा पत्रकार या प्रयोगाला स्वतःहून तयार झालेला होता. यामागे त्या विषयात मुरलेल्या दोन तज्ज्ञांचा दीर्घ अभ्यास होता. रस्त्याकडेच्या माणसाने मोबाईलवर एखादे बटण दाबून होणारे हे काम नव्हे. पुढे काय झाले, हे मात्र संदेश लिहिणाऱ्याने गाळले आहे. कंपनीने सुमारे १४ लाख गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावल्या आणि ती दुरुस्ती म्हणजे सॉफ्टवेअरचे अपडेट होते, जे मालकांना पेनड्राइव्हवरही पाठवण्यात आले. मोबाईल कंपनीनेही आपल्या बाजूने ती वाट बंद केली. म्हणजे ज्या घटनेचा दाखला देऊन अपडेट घेऊ नका असे सांगितले जाते, तिच्यातले भगदाड अपडेटनेच बुजवले गेले होते. अपडेट नाकारणाऱ्याची गाडी सुरक्षित होत नाही. सर्वांना माहीत झालेली त्रुटी तिच्यात तशीच राहते.

अँटेनाची वायर तोडण्याचा सल्ला तर याहून वाईट आहे. पुष्कळ गाड्यांत अपघात होऊन एअरबॅग उघडली की मदतीचा फोन आपोआप जाण्याची सोय याच सिमवर चालते. घाटात सगळीकडे रेंज नसते हे खरे, पण जेथे आहे तेथेही ती सोय स्वतःच्या हाताने बंद करण्यात कोणते शहाणपण आहे?

बाकीचे मुद्दे थोडक्यात आटोपता येतील. ॲडासची गाडी स्वतः चालणारी नसते; ती गाडीवरच्या कॅमेरा आणि रडारच्या आधाराने चालकाला मदत करते आणि चालवण्याची जबाबदारी चालकाचीच असते. फास्टॅगची अफवा जून २०२२ मधील एका चित्रफितीपासून चालत आलेली आहे, आणि फास्टॅगची व्यवस्था सांभाळणाऱ्या नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तेव्हाच स्पष्ट केले होते की फास्टॅगचे पैसे फक्त नोंदणीकृत व्यापाऱ्याकडे जातात, एका व्यक्तीकडून दुसऱ्या व्यक्तीकडे जात नाहीत. फॉइलच्या बाबतीत मात्र थोडे मान्य करावे लागेल. बटणाने सुरू होणाऱ्या गाड्यांच्या चावीचा सिग्नल घराबाहेरून लांबवून गाडी उघडण्याचे प्रकार परदेशात झालेले आहेत, आणि चावी झाकण असलेल्या धातूच्या डब्यात ठेवल्याने तो सिग्नल अडतो.

या सगळ्या गदारोळात ज्याची खरोखर काळजी करावी, त्याबद्दल संदेशात एक अक्षर नाही. फायरफॉक्स ब्राउझरमागच्या मोझिला फाउंडेशनने सप्टेंबर २०२३ मध्ये मोटारींच्या २५ ब्रँडांची खासगीपणाची धोरणे तपासली, आणि एकही ब्रँड उत्तीर्ण झाला नाही. त्यांतले ८४ टक्के ब्रँड ग्राहकांची माहिती इतरांना देण्याची किंवा विकण्याची मुभा तेव्हा स्वतःकडे ठेवत होते. डिसेंबर २०२४ मध्ये फोक्सवॅगन समूहाच्या सुमारे ८ लाख विद्युत गाड्यांची माहिती इंटरनेटवर असुरक्षित पडून असल्याचे उघड झाले आणि त्यांतल्या अनेक गाड्या कोठे उभ्या होत्या हेही तीत होते. त्यासाठी कोणाला घाटात दबा धरून बसावे लागले नाही. ॲप सुरू करताना आपण न वाचता दिलेली संमती आणि कंपनीचा निष्काळजीपणा, एवढे पुरे होते.

आपल्याकडे याचा सर्वांत जवळचा धोका जुन्या गाडीच्या व्यवहारात आहे. चाकरमान्याने मुंबईत वापरलेली गाडी गावी विकली जाते, आरसी पुस्तकावर नाव बदलते, पण जुन्या मालकाच्या मोबाईलमधील ॲप तसेच जोडलेले राहू शकते. मग काही गाड्यांत त्याला गाडी कोठे आहे हे दिसते आणि दरवाजेही उघडता येतात. म्हणून उरलेले पैसे देण्यापूर्वी विकणाऱ्याला समोर बसवून त्याच्या ॲपमधून गाडी काढायला लावावी, गाडीची स्क्रीन फॅक्टरी रिसेट करावी, म्हणजे नव्यासारखी कोरी करावी, साठवलेले फोन नंबर आणि घराचा पत्ता पुसले गेल्याची खात्री करावी आणि त्यानंतरच आपल्या नावाने नवे खाते उघडावे.